रणजी आत्याची खुर्ची

सामना कंटाळवाणा झाला की बाकीचे उठून जायचे, आणि आमची आत्या नेमकी तेव्हाच खुर्ची पुढे ओढायची. फलंदाज तासभर नुसता चेंडू अडवतोय, अशा रणजी सामन्याचा स्कोअर ती मेथी निवडताना मोबाईलवर बघत बसे. बेलापुरात तिला सगळे रणजी आत्याच म्हणत.

"वीस ओव्हरीत मानूस कळत न्हाई," ती म्हणायची. "चार दिस लागत्यात. पहिल्या डावात पडला तरी दुसरा मिळतो. आपल्याला कुनी दिला का दुसरा डाव?"

रणजीत वरच्या संघांचे गट 'एलिट' आणि खालच्यांचा 'प्लेट', हे कळल्यावर मी भडकले. आमच्या बौद्धवस्तीत मूल बाराखडीआधी पत्रक वाचतं. "म्हणजे क्रिकेटमध्येही पंगती?"

"हायत की. पन खालचा जिंकला की वर जातो, अन् वरचा हरला की खाली येतो. गावच्या पंगतीत अशी सोय हुती का?"

गावच्या स्पर्धेतही दोन गट; आमच्या वस्तीच्या संघाला कायम खालच्या गटात, नदीकाठच्या माळावर खेळवत. शाळेमागचं सपाट मैदान वरच्या गटाला. मी बहिष्काराचं दोन पानी पत्रक लिहिलं. आत्याने त्यातली विशेषणं मेथीसारखी खुडली आणि एकच मागणी ठेवली: दरवर्षी खालचा पहिला वर, वरचा शेवटचा खाली. कमिटीने हसत हसत मान्य केली. वस्तीची पोरं पहिली येतील, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

आली. आणि सरपंचांच्या पुतण्याचा संघ खाली जायची वेळ येताच नियमाला फाटे फुटले. आत्याने सरळ पिचवर खुर्ची टाकली आणि मेथी निवडायला घेतली.

"रणजी आत्या, उठा की आता," सरपंच म्हणाले.

"उठते. तुमचा पुतन्या माळावर पोचला की फोन करा."

जेवणाच्या सुमाराला फोन आला.

गेल्या वर्षी आत्या गेली. तिच्यानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत वरच्या गटात शेवटचे आलो ते आम्ही, आणि खालच्यात पहिला आला सरपंचांचा पुतण्या.

"ताई, एवढं भांडून मिळवलेलं मैदान सोडायचं व्हय?" पोरं म्हणाली. "काढ एक कडक पत्रक."

मी बसले लिहायला. अर्धं पान झालं, चांगलं जहाल. मग सवयीने विशेषणं खुडायला घेतली, तर कागदावर काहीच उरेना.

यंदा स्पर्धेच्या पहिल्या सकाळी मी आत्याची खुर्ची उचलून माळाची वाट धरली. मागून पोरं किट घेऊन, तोंडं पाडून. समोरून पुतण्या वर निघाला होता. खुर्ची बघून थांबला.

"ताई, ती बाभळीखाली टाका," तो म्हणाला. "दुपारी तिथंच सावली ऱ्हाती."