आवाज येतो, चित्र येत नाही

मला संशय पटकन येतो. दूधवाल्याने नवी मोटरसायकल घेतली त्या दिवशी मी दूध बोटावर घेऊन पाहिलं होतं. शाळेत क्लार्क म्हणून आयुष्य गेलं. दाखल्यांवरच्या जन्मतारखा तपासता तपासता असा स्वभाव झाला, असं मी म्हणतो. आमची ही म्हणते, स्वभाव आधीचाच, नोकरी नंतर लागली.

तर मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ घरच्या संगणकावर लागेना, तेव्हा माझा पहिला संशय शूटिंगवाल्यावर गेला.

तो व्हिडिओ मला एवढा का हवा होता, ते आधी सांगतो. लग्न बेलापूरजवळच्या एका लॉन्सवर झालं. आमच्याकडे लग्नात घरच्या जावयांना फेट्याचा मान असतो. फेटेवाला फेटे बांधून तयार ठेवतो, माइकवर एकेकाला पुकारतात आणि घरचा कर्ता आपल्या हाताने जावयाच्या डोक्यावर फेटा ठेवतो. लग्नाचा अल्बम आला आणि माझ्या थोरल्या बहिणीने एका फोटोवर बोट ठेवलं. सगळे जावई ओळीने उभे, सगळ्यांना भगवे फेटे आणि तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या दाजींच्या डोक्यावर रोजची पांढरी टोपी.

"सगळ्यांला फेटा, माझ्याच मालकाला न्हाई," ताई म्हणाली आणि तिसगावला निघून गेली. ती राखीला आली नाही, भाऊबीजेलाही आली नाही. साठीला टेकलेला माणूस मी, पण भाऊबीजेच्या संध्याकाळी पाट रिकामा बघून मला फार वाईट वाटलं.

आणि रागही आला, कारण मला लख्ख आठवत होतं. दाजींना पुकारलं, ते पुढे आले, त्यांनी टोपी काढली, फेटा माझ्या हातात होता. म्हणजे घातलाच की! नंतर त्यांनीच काढून ठेवला असणार. दाजींना विचारलं तर म्हणायचे, "मीच काढला आसंल. डोकं दुखत हुतं." ताईला ते पटत नव्हतं. खरं सांगायचं तर त्यातलं 'आसंल' मलाही खटकत होतं. घातला होता तर सरळ घातला म्हणावं.

शूटिंगवाल्याने कितीतरी महिन्यांनी पेनड्राइव्ह दिला. मी लगेच ताईला फोन केला, "दोघं या. डोळ्यांनी बघ आणि मग बोल." दोघं आले. दाजींनी चहा घेतला. ताईने कपाला हात लावला नाही.

"आधी बघू दे," ती म्हणाली. "फेटा घातला आसंल तर जेवून जाईन. न्हाईतर या घरचं पानीबी नको."

मी पेनड्राइव्ह लावला. हळदीची फाइल लागली. वरातीची लागली. मानपानाच्या फाइलवर क्लिक केलं, तर ही फाइल चालत नाही, असा संदेश आला. पेनड्राइव्ह काढून फुंकर मारली, दुसऱ्या खाचेत लावला, फाइल संगणकावर उतरवून घेतली, संगणक बंद करून पुन्हा चालू केला. तेच. बाकी सगळं लागतं आणि नेमकी हीच फाइल लागत नाही? शूटिंगवाला पाथर्डीकडचा, दाजींच्याच तालुक्यातला. मी मनात एकाला एक जोडत गेलो आणि त्याला फोन लावला.

"काका, स्टेजवर नवा कॅमेरा हुता," तो म्हणाला. "त्याची फाइल तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला कळत न्हाई. दुसऱ्या प्लेअरमधी उघडून बघा."

दुसऱ्यात उघडली. पडदा काळाच राहिला, पण आवाज आला. माइकवरून स्पष्ट ऐकू आलं, तिसगावचे आमचे मानाचे जावई, त्यांनी फेट्यासाठी पुढे यावं. मग थोडी गडबड, मग बँड आणि जोरात टाळ्या.

"ऐकलंस?" मी ताईकडे वळलो. "बँड वाजवलाय, बँड!"

"टाळ्या ऐकल्या," ताई म्हणाली. "फेटा कुठं ऐकू आला?"

दाजी खुर्चीत चुळबुळले. "पाव्हनं, ऱ्हाऊ द्या आता. आवाज आला, लई झालं. आमची यष्टी चुकंल."

इथे माझ्या डोक्यात किडा शिरला. यांना एवढी घाई कसली? मघापासून दोनदा दाराकडे बघून झालं होतं. म्हणजे या गृहस्थाने फेटा काढून कुठेतरी टाकला, बायकोला खरं सांगितलं नाही आणि इतके महिने मला खाली मान घालायला लावली. आता तर मी सोडणारच नव्हतो.

पुन्हा फोन केला. शूटिंगवाल्याने एक नवा प्लेअर सांगितला, तोही फुकट. एरवी फुकट म्हटल्यावर मी दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी एकही विचारला नाही. मोबाईलचं नेट जोडलं आणि ती निळी पट्टी मुंगीच्या चालीने सरकायला लागली.

"खरंच ऱ्हाऊ द्या, पाव्हनं," दाजी पुन्हा म्हणाले.

"बसा, दाजी," मी म्हणालो. शाळेत चुकीचा दाखला आणणाऱ्याशी मी याच सुरात बोलायचो.

चित्र आलं. स्वच्छ आलं. दाजी पुढे आले, टोपी काढून हातात धरली आणि मान वाकवली. फेटा माझ्या हातात होता. तेवढ्यात उजवीकडून गडबड झाली. ज्या पुढाऱ्यासाठी आम्ही लग्न तासभर थांबवलं होतं, तो स्टेजवर चढत होता. मी गर्रकन वळलो आणि हातातला फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला. बँड वाजला, टाळ्या पडल्या. मागे दाजी तसेच उभे होते, उघड्या डोक्याने, मान वाकवून. जरा वेळाने त्यांनी वर पाहिलं, टोपी घातली आणि सगळ्यांबरोबर तेही टाळ्या वाजवायला लागले.

ताईने माझ्याकडे बघितलंच नाही. ती दाजींना म्हणाली, "आवं, तुमी तर डोकं दुखत हुतं म्हनला."

दाजी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "मग काय सांगू? तुला माह्यार येकच हाय."

फाइल तशीच पुढे चालू होती. पडद्यावर मी माइक हातात घेतला होता. सगळ्या पाहुण्यांना हात जोडून खणखणीत आवाजात सांगत होतो, "नजरचुकीने कोणाचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने माफ करावं."

भरल्या मांडवाला किती सहज म्हणालो होतो. आता समोर एकच माणूस बसला होता आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.