सिंधूला मी ‘सोड’ म्हणाले

सिंधूची सून वैशाली फोन करते तेव्हा तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “काकू, जेवल्या का?” मग सकाळचे सात वाजले असोत की दुपारचे तीन. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी यवतमाळच्या दवाखान्यातून तिचा फोन आला आणि ती काही बोललीच नाही. नुसता नाक ओढल्याचा आवाज. मीच विचारलं, “गेली का माय?” “हो काकू,” म्हणाली, आणि जरा थांबून, सवयच ती, “चहा घेतला का तुम्ही?”... घेतला होता. तिकडे सिंधूचा जीव जात होता तेव्हा मी इथे नेरला ओट्यावर बसून चहात टोस बुडवत होते. ते अजून घशाखाली उतरत नाही.

लिहायला वैशालीनंच लावलं. म्हणाली, काकू, तुम्ही लिहा, आमच्याकडून नुसतं ‘माऊली होती’ एवढंच लिहिल्या जाईल. खरं आहे. तेराव्याला जो आला तो म्हणाला, किती सोसलं हो माऊलीनं, आणि बुंदीचा लाडू उचलला. मी चौथी शिकलेली बाई, शिवणयंत्रावर पोट भरलेली. वाचायला लागले ते हट्टानं, आणि लिहिते ते बोलते तसंच. तेव्हा सांभाळून घ्या. पण सिंधूनं सोसलं ते कोणाकोणामुळे सोसलं, हे मला ठाऊक आहे आणि त्या यादीत माझंही नाव आहे.

आम्ही दोघी एकाच वर्षी एकाच गल्लीत सुना म्हणून आलो. माझा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून कापूस वेचणीच्या दिवसात मशीन बंद करून मी सिंधूच्या वावरात जायची. मजुरीचं निमित्त, खरं तर तिची गोष्ट ऐकायला. सिंधू पऱ्हाटीच्या तासाच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या ओळीच्या, या टोकाला गोष्ट सुरू करायची आणि त्या टोकाला पोचेपर्यंत राजाची पोरगी कुठल्या कुठे जायची. ओटीत कापूस कधी भरला ते कळायचं नाही. बाया तिच्या शेजारचं तास धरायला भांडायच्या. कधी गोष्ट ऐन रंगात आली की ती मुद्दाम पाणी प्यायला जायची आणि आम्ही बोंडाला हात लावून तशाच उभ्या.

आणि मग एखाद्या दिवशी ती मधेच गप्प व्हायची. “मालू, आलं वो,” एवढंच म्हणायची. तिला आधी पऱ्हाटीवर वाकडीतिकडी उन्हाची रेघ नाचताना दिसायची, मग अर्ध्या तासात डावा डोळा, डावी भुवई, डावी मान. अर्धशिशी. मी एकदा विचारलं, कसं दुखते? तर म्हणाली, “भुवईच्या आत बसून कोणी बोंडातून सरकी काढून राह्यलं, एक एक.” फोडणीचा वास आला की उलटी. कोणी ताट आपटलं की उलटी. सासू म्हणायची, हिचं डोकं बरं कामाच्या टायमालेच दुखते. सिंधूचं एकच औषध होतं, घराच्या मधली बिनखिडकीची खोली. त्यात चटई टाकायची, दुपट्टा करकचून बांधायचा आणि भिंतीला कपाळ लावून पडायचं. त्या भिंतीवर तेलाचा एक डाग पडला होता, तिच्या कपाळाएवढा.

मग कापसाचे ते वाईट वर्षं आले. ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही पाहिले त्यांना सांगून कळत नाही. पहिले कापूस वेचला की महिन्यात गाडी भरून जायचा. आता भाव येईल, भाव येईल म्हणून घराघरात थांबला. आमच्या गल्लीत असं घर नव्हतं जिथे माणसं कापसाला पाठ लावून जेवत नव्हती. सिंधूच्या नवऱ्यानं, मी त्यांना भाऊजी म्हणायची, कापूस भरला तो त्या मधल्या खोलीत. छतापर्यंत. दिवाळीला भरला तो होळी झाली तरी तिथेच. अंगाला खाज, घरभर त्याचा गरम वास, आणि सिंधूला डोकं टेकायला जागा नाही.

म्हणून ती माझ्याकडे यायला लागली. माझ्या मागच्या खोलीला एक खिडकी होती, पश्चिमेची. मी सतरंजीचं जाड निळं कापड दुहेरी शिवलं आणि खिळे ठोकून लावलं. ती यायची, काही न बोलता आत जायची, मी मशीन बंद ठेवायची. गिऱ्हाईक आलं तर ओठावर बोट ठेवायची.

त्याच वर्षी मुंबईकडचा एक फोटोवाला आला होता. तेव्हा असे खूप येत. त्याला घरातला कापूस पाहिजे होता. सिंधू त्या दिवशी त्या खोलीच्या दारातच बसली होती, डोक्याला दुपट्टा, डोळे मिटलेले. माझ्या घरापर्यंत चालायचीही ताकद नव्हती. तो फार सभ्य पोरगा होता. “काकू, जरा बाजूला होता का? मागचा कापूस दिसत नाहीये.” सिंधू बाजूला सरकली. पुढे कोणीतरी तो पेपर आणून दाखवला. कापूस चांगला आला होता.

शेवटी मीच तिला यवतमाळला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. लाल बस, खिडकी लावून, पिशवीत लिंबू. डॉक्टर चांगला होता, पण बाहेर पन्नास माणसं बसली होती. त्यानं सांगितलं, हे मुळातून जात नाही, सांभाळावं लागते. एक छापील कागद दिला. उन्हात जाऊ नका, जेवण वेळेवर, झोप वेळेवर, उपास नको, चहा कमी, मनावर ताण नको, दुखलं की अंधारात शांत पडा. महिना-दोन महिने हे करून पाहा, फरक नाही पडला तर रोजची गोळी सुरू करू. बसमध्ये मी तो कागद तिला वाचून दाखवला. तिनं पूर्ण ऐकला आणि म्हणाली, “मालू, हा माणूस आमच्या घरी आहे ना. उन्हात जात नाही, टायमावर जेवते, टायमावर झोपते, त्याच्या मनाले काही लागत नाही. हा कागद तुझ्या भाऊजीले दे, त्याहिले कधीच अर्धशिशी होणार नाही.” आम्ही इतक्या हसलो की कंडक्टरनं वळून पाहिलं.

पण तिनं करून पाहिलं, हे मला लिहायचंच आहे. लोक म्हणतात, बाया आपली काळजी घेत नाहीत. तिनं सोमवार सोडले, चतुर्थी सोडली. वावरात जायच्या आधी चुलीपाशी उभ्याउभ्या भाकर खायची, माणसांच्या आधी. सासू म्हणायची, सूनबाई पहिल्या पंगतीत. भांडी सकाळवर टाकून वेळेवर झोपायची. आणि फरक पडला हो! आठवड्याला दोनदा येणारं डोकं महिन्यात दोनदा आलं. तिनं त्या जोरावर भाऊजीकडून कबूल करून घेतलं, या साली मधल्या खोलीत कापूस नाही. भाऊजी माझ्यासमोर म्हणाले, “जबान देतो.” माणूस वाईट नव्हता. पण त्या साली भाव आणखी पडला, खरेदी सुरू व्हायला उशीर झाला, आणि पावसाचा एक ढग दिसला तसा अंगणातला सगळा कापूस उचलून त्यांनी मधल्या खोलीत घातला. भाऊजीची जबान खाली, कापूस वर. उरलेल्या वेचणीला माणसं मिळेनात म्हणून सिंधू परत दिवसभर उन्हात. कागद चुलीमागच्या खिळ्याला टोचलेला होता, तो धुरानं पिवळा झाला.

मग रोजची गोळी सुरू झाली. आणि काय सांगू, डोकं थांबलं. पंधरा दिवस, महिना, दोन महिने... एकदाही नाही. सिंधू म्हणायची बोटाला मुंग्या येतात, पाणी बेचव लागतं, पण ते चालते. मी निळं कापड खिळ्यावरून काढून धुतलं.

पण तिचे शब्द जायला लागले. आधी आम्हाला गंमत वाटली. मीठ मागायचं तर हात हलवायची, “ते दे ना... पांढरं.” मग एक दिवस वावरात गोष्ट सांगत होती. पोरगी घरून रागानं निघाली, चालत चालत गेली आणि तिनं उडी मारली... आणि सिंधू थांबली. आम्हाला वाटलं, नेहमीसारखं छळून राह्यली. पण तिचा चेहरा तसा नव्हता. “त्याच्यात,” म्हणाली, “ते असते ना... खोल. पाणी असते.” एक जण हसली, “विहीर, वो सिंधूबाई! विहीर बी विसरल्या?” सगळ्या हसल्या. सिंधूपण हसली. मग तासाच्या टोकापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ती पोरगी तशीच हवेत राहिली. पुढे काय झालं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

त्यानंतर तिनं गोष्ट सांगणं सोडलं. माझ्याकडे यायची, मशीनपाशी बसायची, हो-नाही करायची. डोकं दुखत नव्हतं, पण सिंधू नव्हती. एक दिवस गोळ्यांचं पाकीट माझ्या मशीनच्या पाटावर ठेवून तिनं सरळ विचारलं, “मालू, तू सांग. दुखणं ठेवू का गोळी ठेवू? घरी कोणाले विचारू, त्याहिले तर मी चूप राह्यली तेच बरं वाटून राह्यलं.”

आता खरं लिहिते. मी तिच्या डोक्याचा विचार केला नाही. मी माझ्या संध्याकाळींचा विचार केला. माझ्या घरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. ती आली की घरात माणसं भरायची, राजे, चोर, सासवा. मी म्हटलं, “सोड वो. डोकं दुखलं त दुखलं, तू त राह्यशील.” 

परत डॉक्टरकडे जावं, त्याला हे सांगावं, हे आम्हा दोघींच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं. सिंधू म्हणाली, त्यानं एवढी चांगली गोळी देली, त्याले जाऊन कसं म्हणाचं का तुमची गोळी खराब हाय? मलाही ते पटलं. सोयऱ्याच्या घरी भाजी खारट झाली तरी आपण तोंड वाकडं करत नाही, तसंच. पाकीट तिनं माझ्याकडेच ठेवलं. म्हणाली, “राहू दे तुझ्यापाशी. मन बदललं त मागीन.”

शब्द परत आले. गोष्टी परत आल्या. डोकंही परत आलं. मी निळं कापड परत ठोकलं. आणि सिंधू आता किराण्यातल्या दुखणं मारायच्या गोळीवर गेली, जी आमच्याकडे पाठ दुखली, पाय दुखले की चण्यासारखी खातात. पदराच्या गाठीत कायम चार-सहा. आधी दुखल्यावर खायची, मग दुखेल म्हणून, मग वावरात जायचं म्हणून. मी पाहायची. पाण्याचा तांब्या मीच द्यायची. कितीतरी वर्षं.

पाय सुजले तेव्हा वैशालीनं तिला नेलं. त्या किराण्यातल्या गोळ्यांनी दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मग दोन वर्षं आठवड्यातून दोनदा यवतमाळ, रक्त धुवायच्या मशीनवर चार-चार तास. तिथल्या डॉक्टरीण बाईनं एकदा सगळं विचारून घेतलं. मी बाजूलाच उभी होते. ती म्हणाली, “अहो, ती रोजची गोळी कमी करता आली असती. दुसरी देता आली असती, चार प्रकारच्या आहेत. परत का नाही आलात?” रागावून नाही, सहज विचारलं. चार प्रकारच्या... आम्ही दोघी तर दोनच पारडी धरून बसलो होतो. सिंधू म्हणाली, “राहून गेलं, मॅडम.” माझं नाव तिनं घेतलं नाही.

येताना बसमध्ये मी म्हटलं, सिंधू, मी ‘सोड’ म्हटलं म्हणून हे झालं. ती खिडकीबाहेर पाहत होती. तशीच म्हणाली, “मले तेच आयकाचं होतं ना, म्हणून तुले विचारलं.” मला बरं वाटायच्या आतच पुढचं म्हणाली, “दुसऱ्या कोणी म्हटलं असतं त सोडली नसती.”

दोन्ही वाक्यं खरी होती. ती दोन्ही मी एकत्र घेऊन बसले आहे.

तेराव्यानंतर भाऊजींनी मधली खोली रिकामी केली. कापूस नाही, पोतं नाही, काही नाही. झाडून, सारवून दार लोटून ठेवलं आहे. मला बोलावून दाखवलं. भिंतीवर तो कपाळाचा डाग तसाच आहे; म्हणाले, “चुना मारताना एवढी जागा सोडाले लावली.” जबान पाळली म्हणायचं का याला? पंधरा-सोळा वर्षं उशिरा?... पण मी कोणत्या तोंडानं विचारणार होते.

माझ्या मागच्या खोलीत निळं कापड अजून आहे. दुपारी मी तिथे जाऊन बसते, मशीन बंद ठेवते. कोनाड्यात त्या गोळ्यांचं पाकीट आहे, चांदीचा कागद काळा पडलेला, दोन ओळी फोडलेल्या, बाकी भरलेल्या. इतकी वर्षं झाडताना मी ते उचलत होते आणि खालची धूळ पुसून परत तिथेच ठेवत होते. मन बदललं तर मागीन, म्हणाली होती. तिनं मागितलं नाही. आणि ती तिथे, हाताच्या अंतरावर, दुपट्टा बांधून पडलेली असायची तेव्हा मीही कधी विचारलं नाही, देऊ का म्हणून.