शेवगावला नेलेली शाल

पुण्याच्या शिवाजीनगर स्टँडवर सकाळी सहाच्या एस.टी.त बसलो तेव्हा माझ्या मांडीवर एक शाल, एक नारळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मानपत्र होतं. नारळ पिशवीत राहायला तयार नव्हता. वाघोलीपर्यंत मी तो दोनदा सीटखालून काढला.

"साखरपुड्याला निघालात का?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"सत्काराला. ओळखीचे आहेत एक."

हे काही अगदी खरं नव्हतं. ज्या माणसाचा सत्कार करायला मी शेवगावला निघालो होतो, त्याला मी एकदाही पाहिलेलं नव्हतं.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. पुण्यात आम्ही पंधरा-वीस जण दर रविवारी एका क्लासच्या खोलीत जमायचो आणि फुकट वाटायचं सॉफ्टवेअर लिहायचो. फुकटापेक्षा मोठी गोष्ट अशी, की प्रोग्रामचं आतलं सगळं लिखाण आम्ही उघडं ठेवायचो. कुणीही वाचावं, चुका काढाव्यात, हवं तर उचलून वेगळं चालवावं. आमचा मुख्य प्रोग्राम टिंबाटिंबांनी अक्षरं उमटवणाऱ्या कर्कश प्रिंटरवर मराठी छापायचा. तो छापायचा तो शेवगावच्या भास्कर गायकवाडांच्या जिवावर. त्यांची तिथे टायपिंग इन्स्टिट्यूट होती आणि तिच्यात एक कॉम्प्युटर. इंटरनेट नव्हतं. दर महिन्याला त्यांची फ्लॉपी टपालाने माझ्या पत्त्यावर यायची, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत दोऱ्याने शिवलेली. सोबत एक कागद. मायना नाही, नमस्कार नाही. 'चूक १', 'चूक २', आणि प्रत्येकीखाली 'दुरुस्ती'. मी ते गटाला पोचवायचो.

सांगायला लाज वाटते, पण मला दुसऱ्या कुणाचं पत्र येत नसे. आई गेल्यापासून मी एकटाच राहत होतो. पुण्यात सगळे मला "या एकदा घरी" म्हणायचे, पण केव्हा ते कुणी सांगायचं नाही. रविवारच्या खोलीतही माझी खुर्ची कोपऱ्यातली. फ्लॉपी आली की तो आठवडा मला बरा जायचा.

गटात मात्र भास्कररावांवर राग साठत होता. एकाच्या लिखाणावर त्यांनी 'हे सर्व काढून टाका' असा शेरा दिला होता. शेरा बरोबर होता, पण लागला. माणूस उर्मट आहे असं ठरलं आणि पाठोपाठ ठराव झाला: यापुढे जो बैठकीला येईल त्याच्याच दुरुस्त्या घ्यायच्या, टपालाच्या बंद. मी कुरकुर केली तेव्हा मधला मार्ग निघाला. पुढच्या महिन्यात मेळावा होता, त्याला त्यांना आणू. शेवगावात घरी सत्कार, पुण्यात स्टेजवर सत्कार, म्हणजे माणूस आपल्यात मिसळेल. मी बोलावणं धाडलं. उत्तर आलं: 'कार्यक्रम नको. येणार नाही. चूक १४ अजून तशीच आहे.'

ते वाचून खोलीत हशा पिकला. "अरे, विनय आहे हा. थोडा आग्रह लागतो," असं ठरलं. आग्रह करायला जातो असं मीच म्हणालो. आणलं नाही तर फ्लॉप्या बंद, हे मला माहीत होतं.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलो, एक वडापाव खाल्ला आणि पाटी न वाचता उभ्या गाडीत चढलो. गाडी औरंगाबादची निघाली. कंडक्टर चिडला नाही. "घोडेगावला उतरा. आज बाजार हाय, शेवगावकडं जानारं कायतरी घावंल," म्हणाला.

घोडेगावचा जनावरांचा बाजार मी ऐकून होतो. रस्त्यापासून मागे नजर जाईल तिथवर म्हशी, गाई, बैल, आणि धुळीत उभे हेडी (जनावरांचे दलाल). दोन गडी एका उपरण्याखाली हात घालून उभे होते. तोंडं दोन बाजूंना, शब्द एक नाही. आत बोटं दाबून सौदा चालला होता. मी बघत राहिलो तेव्हा एक म्हातारेबुवा म्हणाले, "बोलायची गरज काय? बोटास्नी समदं कळतंय." मी पिशवी सावरून पुढे झालो.

टेम्पो मिळाला, पण त्यात एक म्हैस होती. "बसा तिच्याशेजारी, लई गरीब हाय," टेम्पोवाला म्हणाला. ती गरीब होती, यात वाद नाही. मात्र कुकाण्यापर्यंत तिने मानपत्राचा एक कोपरा वर्तमानपत्रासकट चघळून काढला. पुढे बसलेल्या म्हशीच्या मालकाशी जागेची अदलाबदल करून मी उरलेला रस्ता पुढे बसलो. पाटाचं पाणी असेल तिथे ऊस, पाट संपला की बाभळी आणि कपाशीच्या पऱ्हाट्या (वेचणीनंतरच्या वाळक्या काड्या). मधल्या माळावर मैलभर माणूस दिसायचं नाही.

"नारळ कुनाला?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"टायपिंगवाल्या भास्कररावांना."

"त्यो व्हय. माजी पोरगी तितंच शिकली. रामराम घातला तर बगत न्हाई, पन चूक एक सोडत न्हाई. पोरगी पैल्या झटक्यात पास." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "नारळाचं काय करंल त्यो, काय ठावं."

दोन वाजता दारात पोचलो. पुढे टायपिंगच्या मशिनांची खोली, मागे घर. दार भास्कररावांच्या थोरल्या बहिणीने उघडलं. सगळे त्यांना अक्का म्हणत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. भास्करराव चाळिशीचे, पांढरा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. ते माझ्या खांद्यामागच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"जोशी?"

"हो."

"चौदावी झाली?"

"नाही अजून."

"चहा?"

"नको नको, कशाला उगाच," मी म्हणालो. असं म्हणायचंच असतं.

"अक्का, नको म्हणालेत," त्यांनी आत सांगितलं, आणि आत फुरफुरणारा स्टोव्ह बंद झाला. पुढे जेवणाचं विचारलं. मी म्हणालो, खाऊन आलोय. दोघं बहीणभाऊ माझ्यासमोर बसून बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कालवण (पातळ रस्सा) जेवले. मी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत आवंढे गिळले. मनात म्हटलं, उर्मट म्हणतात ते काही खोटं नाही.

जेवण झाल्यावर भास्कररावांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि चौदावी चूक दाखवली. ओळ लांब झाली की प्रिंटर शेवटचं अक्षर गिळायचा. त्यांनी ते कुठे बिघडतं ते बोटाने दाखवलं, मी बदल केला, त्यांनी "नाही" म्हटलं, मी पुन्हा केला. कुणी कुणाची विचारपूस केली नाही. तासाभराने ओळ पूर्ण छापली गेली. त्यांनी तो कागद प्रिंटरमधून फाडून माझ्या हातात दिला. त्या तासात मला एकटं वाटलं नाही. किती वर्षांनी, ते मी मोजलं नाही.

आणि मग मी माती खाल्ली. वाटलं, माणूस खुलला आहे, हीच वेळ. मी मेळाव्याचं काढलं.

"नको," ते म्हणाले.

"अहो, सगळे वाट बघतायत."

"नको. लिहिलंय."

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे," असं म्हणत मी उठलो, घडी मोडली आणि मागून त्यांच्या खांद्यांवर शाल घातली.

ते ताठ झाले. दोन्ही हात कानांवर गेले. घशातून एक बारीक आवाज येत राहिला. मग शाल खाली पडली, ते आतल्या खोलीत गेले आणि कडी लागली. थोड्या वेळाने आतून टाइपरायटरचा आवाज सुरू झाला. एकच अक्षर, पुन्हा पुन्हा.

अक्कांनी शाल उचलली, घडी केली आणि माझ्या पिशवीवर ठेवली. ओरडल्या नाहीत.

"शाळेत पैला आला तवा असंच स्टेजवर नेऊन हार घातला हुता," त्या म्हणाल्या. "तीन म्हैने तोंड उगडलं न्हाई. नगरच्या डॉक्टरला दावलं. सोभाव हाय म्हनला." स्वमग्नता (ऑटिझम) हा शब्द तेव्हा त्यांच्या कानावर नव्हता, माझ्याही नव्हता. मी तो बऱ्याच वर्षांनी वाचला.

"पत्रात त्यानं नको लिवलं हुतं ना?"

"हो."

"वाचलं हुतं तुमी?"

"हो."

"मंग?"

मी बाहेर आलो. मी शाळेत कधी वर्गाबाहेर उभा राहिलो नव्हतो, त्या दिवशी पस्तिसाव्या वर्षी राहिलो. बाहेरच्या पायरीवर बसलो. शेवगावात मला ओळखणारा एकच माणूस होता आणि तो कडी लावून बसला होता. आता फ्लॉपी येणार नाही, गटाने बंद केली नाही तरी येणार नाही, आणि ते मी स्वतःच्या हाताने केलं होतं. मला रडू येत होतं. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्यावरची माणसं माझ्याकडे बघत गेली.

मग मी मघाचाच छापलेला कागद पालथा केला आणि त्यावर लिहिलं:

'चूक १. पत्रात नको असताना आलो. चूक २. न विचारता शाल घातली. चूक ३. चौदावी तीन महिने तशीच ठेवली.'

आत येऊन दाराखालून तो सरकवला. टाइपरायटर थांबला. बऱ्याच वेळाने कागद परत आला. माझ्या तीन ओळींखाली टाइप केलेलं होतं:

'चूक ४ राहिली. खाऊन आलो म्हणालात. तासभर पोट वाजत होते. दुरुस्ती: अक्काला सांगणे.'

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणालो, "अक्का, मला भूक लागलीय. चहाही हवाय."

"मला मगाशीच कळलं हुतं," भाकरी थापायला बसत त्या म्हणाल्या. "पन त्याच्यादेकत मी कुनाच्या 'नको'ला 'व्हय' करत न्हाई. येकदा केलं तर त्याला कशाचा भरोसा राहील?"

मी तीन भाकरी खाल्ल्या. निघताना नारळ पुढे केला. "नारळ आमी फोडत-बिडत न्हाई," अक्का म्हणाल्या, "पन चटनीला चालंल. ऱ्हाऊ द्या." भास्करराव बाहेर आले नाहीत. मी बोलावलं नाही. संध्याकाळच्या गाडीने नगर, तिथून पुणे. शाल गुडघ्यांवर घेऊन बसलो होतो, थंडी होती तरी पांघरली नाही.

रविवारी खोलीत सगळं सांगितलं. ऐकून एक जण म्हणाला, "आणखी थोडा आग्रह करायला हवा होतास." मी म्हणालो, ते येणार नाहीत, त्यांच्या फ्लॉप्या घ्या. ठराव बदलला नाही. माझ्या नावाने दुरुस्त्या देऊ का, असं भास्कररावांना कार्ड लिहून विचारलं. उत्तर: 'नको. चुका माझ्या आहेत.' तेव्हा मी आमच्या उघड्या लिखाणाने दिलेला हक्क वापरला. सगळा प्रोग्राम उचलला, वेगळा केला आणि सुरुवातीला त्यांचं नाव घातलं. सांभाळणारे दोघं, एक पुण्यात आणि एक शेवगावात. रविवारची खोली सुटली. तिथली कोपऱ्यातली खुर्चीसुद्धा आठवेल असं मला वाटलं नव्हतं, पण आठवायची.

त्याच आठवड्यात मी त्यांना लिहून विचारलं, पुढच्या महिन्यात येऊ का? उत्तर आलं: 'पुढच्या महिन्यात नको.'

या वेळी मी 'नको'वर विश्वास ठेवला. पुन्हा विचारलं नाही. फ्लॉप्या मात्र येत राहिल्या, पुठ्ठ्यात शिवलेल्या, दर महिन्याला. मी रविवारी घरीच कॉम्प्युटरपुढे बसून त्यांनी कळवलेल्या चुका दुरुस्त करत असे आणि संध्याकाळी एकटाच पेठांतून फिरून येत असे. ज्याच्याशी माझं सगळ्यात जास्त जमतं त्याच्या दारात जायचं नाही, हे मी पत्करलं होतं.

वर्ष उलटून गेल्यावर एक फ्लॉपी आली. कागदावर नेहमीसारख्या चुका होत्या, एकतीसपर्यंत. त्यांच्याखाली आणखी एक:

'चूक ३२. पुढच्या महिन्यात नको असे लिहिले होते. परीक्षा होत्या. त्यानंतरच्या महिन्यांचे विचारलेच नाहीत. दुरुस्ती: विचारणे.'

मी उभ्या उभ्याच कार्ड लिहिलं. कोणत्या महिन्यात येऊ, आणि चहा घेईन.