मातीची ओळख

मी सावली गावाला मामाच्या गोठ्यात वाढले म्हटलं तरी चालेल. पन्नास सालाच्या पुढची गोष्ट, तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. आई धान कापायला जाताना मला वासराशेजारी पोत्यावर टाकायची. वासरू मला चाटायचं, मी तणस चघळायची, शेणाचा हात खुशाल तोंडात घालायची. तरी मी टुणटुणीत. साधी शिंक यायचीही मारामार.

माझ्या पाठचा भाऊही त्याच पोत्यावर वाढला. तो रांगता असतानाच हगवणीनं गेला. पुढं वडिलांना गडचिरोलीला मास्तरकी लागली, तिथं दुसरा भाऊ झाला आणि आईनं धसकाच घेतला. त्याला पाणी उकळलेलं, दुपटी उकळलेली. जमिनीला पाय लागला की लगेच पुसायचा. शेजारणी हसायच्या. मला तर आंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावायची बंदी होती. भारी राग यायचा मला त्या राजपुत्राचा.

तो चांगला चालता-बोलता झाल्यावर धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत आम्ही मामाकडे आलो. पहिल्या राशीवर घरातलं सगळ्यांत लहान लेकरू बसवायचं, ही मामाच्या घरची रीत. आई नको नको म्हणेपर्यंत मामानं त्याला उचलून बसवलंसुद्धा. पठ्ठ्या दोन्ही हातांनी धान उधळत खिदळत होता. मग शिंका सुरू झाल्या. डोळे सुजले, छाती सूं सूं वाजायला लागली. आईनं त्याला उचलून खळ्यावरून घराकडे धूम ठोकली. दिवेलागणीला कुठं त्याचा श्वास मोकळा झाला.

मामी मनानं चांगली, पण तोंडाला कुलूप नाही. ती म्हणाली, "बाई, तुमी याले मातीची ओळखच नाई होऊ देल्ली."

"याच्या आधीच्याले होऊ देल्ली होती, वहिनी," आई म्हणाली.

मला रडू आलं.

गुराढोरांत वाढलेल्या पोरांना असला त्रास कमी होतो, असं आता डॉक्टर सांगतात. आईला तेव्हा कोण सांगणार? भाऊ अजूनही चुरण्याच्या दिवसांत सावलीला फिरकत नाही.

त्यानंतर धाकटी बहीण झाली. ती रांगायला लागल्यावर आईनं तिला मामाच्या अंगणात सोडलं आणि स्वतः शेजारी बसून राहिली. धाकटीनं मूठभर माती उचलून तोंडात घातली. आईचा हात पुढं झाला आणि अर्ध्यावरच थांबला. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.