साहेबांच्या हातातली सुरमई

बाबांना बोटीवर न्यायची कल्पना माझी नव्हती, साहेबांची होती. ऑफिसातल्या आम्ही चौघांनी हिवाळ्यातल्या एका रविवारी भाऊच्या धक्क्यावरून बोट ठरवली होती, खोल पाण्यात जाऊन सुरमई धरायला. माझे वडील मालवणचे, गिरणीत लागण्याआधी मामाच्या होडीवर जायचे, अशी फुशारकी मी कधीतरी डबा खाताना मारली होती. साहेबांनी ती लक्षात ठेवली. "काकांना आणा की. आम्हाला शिकवतील तरी."

बाबा पंच्याहत्तरीचे. लालबाग सोडायचे ते फक्त दवाखान्यासाठी. पण तो आठवडाभर त्यांनी आईला पिडलं. मरायच्या आधी एक इसवण स्वतःच्या हाताने ओढायची होती त्यांना. इसवण म्हणजे आमच्याकडची सुरमई. आई म्हणायची, "आधी जिनो नीट चढा."

निघताना त्यांच्या पिशवीत पाहिलं तर लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली नायलॉनची दोरी आणि टोकाला गळ. मला कसंसंच झालं. "बाबा, तिथे रॉड असतात. हे काढू नका हं सगळ्यांसमोर."

"असांदे गो," म्हणाले आणि पिशवीची चेन लावली.

बोटीवर ते माकडटोपी घालून मागच्या टोकाला बसले. कोणी दिलेलं सँडविच नको म्हणून त्यांनी स्टीलचा डबा उघडला, तेव्हा मी समुद्राकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर दिवसभर माझं लक्ष माशांवर नव्हतंच. बाबा काय करतात आणि साहेबांना ते कसं दिसतं, एवढंच मी बघत होते.

दुपारपर्यंत रॉडला काही लागलं नाही. दोघे तर ओकून आडवे झाले होते. शेवटी बोट चालवणाऱ्या तांडेलनेच विचारलं, "काका, पिशवीत काय आणलंय?" बाबांनी माझ्याकडे न बघता दोरी काढली, गळाला बांगड्याचा तुकडा लावला, तळहाताला रुमाल गुंडाळला आणि दोरी पाण्यात सोडली.

अर्ध्या तासाने दोरी ताठ झाली. बाबा उभे राहिले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबणारा हा माणूस पाय फाकवून हलत्या बोटीवर सरळ उभा होता. दोरी सोडत होता, घेत होता आणि तोंडाने पाण्यातल्या माशाशी मालवणीत काहीतरी बोलत होता. त्यांना इतकं खुशीत मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. दहा-बारा मिनिटांनी पाण्याखाली चांदीचा पट्टा दिसला. सुरमईच होती, चांगली हातभर लांब.

आणि मी म्हणाले, "बाबा, आता साहेबांना द्या ना."

साहेबांनी मागितलं नव्हतं. उलट तेच म्हणाले, "अहो नको, काकांना ओढू द्या." तेवढ्यावर गप्प बसायला काय झालं होतं मला? पण मी पुन्हा म्हणाले, "द्या हो, तुमचे हात दुखतील." काळजीचा आव आणला होता. साहेबांनी तो खरा मानला आणि ते पुढे आले.

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हाताचा रुमाल सोडून त्यांनी तो साहेबांच्या तळहाताला गुंडाळला, त्यावर दोरी दिली आणि मागे उभे राहिले. "ओढू नका, साहेब. पळूदे तिला. दमली की घ्या." शेवटच्या क्षणी सुरमईने झेप घेतली, दोरी साहेबांच्या हातातून सटासट सुटली, ती बाबांनी उघड्या हाताने धरली. तांडेलने आकडी मारून मासा वर घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फोन काढला आणि बाबांना म्हणाले, "जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

ते बाजूला झाले.

साहेब भला माणूस. धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी सुरमई बाबांच्याच हातात दिली. तिथून आम्ही टॅक्सीने घरी आलो.

आईने दारातच विचारलं, "कोणी काढली?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "चेडवान काढल्यान."

आपल्या लेकीने काढली, म्हणाले. आईने कौतुकाने माझे दोन्ही हात धरून उलटे केले, कुठे कापलंय का बघायला. माझे तळवे जसेच्या तसे होते. मग तिने बाबांची मिटलेली मूठ उघडली. तळहातावर आडवी लाल चीर होती. तिने आतून हळद आणून त्यावर दाबली.

आमच्याकडे ज्याने मासा धरला त्याला पहिली तुकडी. संध्याकाळी आईने ती माझ्या ताटात वाढली. बाबांनी आपलं ताट जवळ ओढलं आणि उजवा हात दुखत होता म्हणून डाव्या हातात चमचा घेतला. मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण मला सपाटून भूक लागली होती, तुकडी कुरकुरीत झाली होती, आणि मी ती चवीने खाल्ली.