चढाई चालू असताना बोलायचं नाही

ज्या हंगामात माझा धाकटा भाऊ व्यावसायिक कबड्डीतला सर्वोत्तम चढाईपटू ठरला, त्या हंगामाच्या उत्तरार्धात मी एकही सामना धड बसून पाहिला नाही. लोकांना वाटायचं, बहीण आनंदानं बेभान झाली आहे. आनंद कसला डोंबलाचा! जीव टांगणीला लागला होता.

माझं सासर आणि माहेर दोन्ही पांढरकवड्यातच. मी शाळेत शिकवते. सामना असला की संध्याकाळी घरचं उरकून माहेरी पळायची, कारण माय एकटी टीव्ही लावत नसे. तिथे एक नियम होता: भाऊ चढाईला गेला की कुणी चकार शब्द काढायचा नाही. तो मातीवर खेळायचा तेव्हा माय एकदा "सांभाळून रे!" म्हणून ओरडली होती आणि नेमका त्याचा दम तुटून तो बाद झाला. तेव्हापासून ती पदराचं टोक तोंडात धरते. आता तो लांबच्या शहरात मॅटवर खेळतो, आपला आवाज तिथे पोचत नाही, हे समजावून मी थकले. सामना पाहायला येणारे शेजारीही तिच्या धाकानं गप्प बसायचे. तोंडात भजं असलं तर चावायचं थांबायचे.

मी स्वतः कबड्डीत कोपऱ्यावर खेळलेली. चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा, हे माझं काम. भाऊ लहान असताना अंगणात रोज त्याचे पाय मी धरायची आणि तो सुटायला शिकायचा. त्यामुळे बाकीचे त्याचं तोंड पाहत, मी पाय पाहायची. हंगामाच्या मध्यावर एका चढाईत तो वाकलेल्या गड्यावरून उडी मारून परतला. घरात टाळ्या पडल्या. मला मात्र दिसलं की उजवा पाय तो जपून टाकतोय.

दुसऱ्या दिवशी फोन केला. आधी त्यानं थापा मारल्या. मग म्हणाला, "गुडघा गेला ताई. बाहेरच्या डॉक्टरले दाखवलं. थो म्हणते, असाच खेळशीन तर पाय कायमचा अधू होईन. टीममंधी कोनाले माहीत नाई."

"मंग खेळून कायले राह्यला?"

"पॉइंटात सगळ्यात पुढं मी आहो. आता बसलो तर पुढच्या साली मले कोन विचारते? मायले सांगू नोको."

मला त्याचा भयंकर राग आला. त्याच्या जागी मी असते तर मीही बसले नसते, हे कळत होतं, म्हणून राग आणखीच वाढला. रोज फोन करून भांडायची. तो म्हणायचा, फायनल होऊ दे.

मग माझं बूड एका जागी टेकेना. सामना लागला की ओट्यावर, तिथून न्हाणीपाशी, पुन्हा दारात. घरी पोळ्या करपल्या. नवरा म्हणाला, "तुह्या पायाले भिंगरी लागली काय?" मायला सांगून टाकावं म्हणून तोंड उघडायची, तर नेमकी भावाची चढाई लागायची. मायचा हात वर. गप्प! चढाई संपेपर्यंत माझा धीर संपलेला असायचा.

अंतिम सामना त्याचा संघ हरला, पण सर्वोत्तम चढाईपटू म्हणून त्याचंच नाव पुकारलं. दारात पोरांनी फटाके लावले, कुणीतरी पेढ्याचा डबा उघडला. टीव्हीवर तो व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होता. डावा पाय वर, मग उजवा ओढून त्याच पायरीवर. पुन्हा डावा.

"हा असा काहून चढून राह्यला?" मायनं विचारलं.

"थकला असन."

"थकलेलं पोरगं म्या पाह्यलं नाई का?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुले माहीत व्हतं."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं. मी होकाराची मान हलवली. ती म्हणाली, "फोन लाव त्याले."

बऱ्याच वेळानं मायच्या मोबाइलवरून फोन लागला; मी स्पीकर लावून तिच्या हातात दिला. "माय, पाह्यलं का? ट्रॉफी..."

"ट्रॉफी मंग आली तरी चालते. आधी पाय घेऊन घरी ये."

टीव्हीवर त्याची तीच उडीची चढाई पुन्हा दाखवू लागले आणि सवयीनं सगळं घर गप्प झालं. एकटी माय तेवढी बोलत होती, मोठ्यानं, फोन तोंडाशी धरून. "बोल ना रे बापा. कोनी काई म्हनत नाई तुले. बोल."

"माय," तो म्हणाला, "लय दुखून राह्यलं."