आत्याबाई आणि कॉफीच्या बिया

पेटीतला कॉफीचा डबा मी ठेवायची एका जागी आणि सापडायचा दुसरीकडे. कधी झाकण वाकडं बसलेलं असायचं, कधी लुगड्यांच्या तळाशी ठेवलेला डबा वरच्या घडीवर आलेला असायचा. घरात आम्ही तिघंच, मी, हे आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. हे तिसगावच्या शाळेत मास्तर होते. बायकोच्या पेटीला हात लावणाऱ्यातले ते नव्हेत. मग उरलं कोण? पण आत्याबाई तर कॉफीला शिवतसुद्धा नसत. त्या बियांचं त्या करत काय असतील, हे मला कळेना.

माझं माहेर कानडी मुलखातल्या दांडेलीचं. वडील तिथे लाकडाच्या डेपोत नोकरीला होते. आमच्याकडे सकाळी चहा नसेच. आई कच्च्या बिया आणून घरी भाजायची, खलबत्त्यात कुटायची. लग्न होऊन मी इकडे आले तेव्हा तिनं हा डबा भरून दिला, आणि पुढेही माहेराहून कुणी आलं की तो पुन्हा भरायचा.

लग्नानंतर तिसऱ्या साली पाऊस झालाच नाही. गुरं दावणीला उपाशी उभी, दूध मिळायची मारामार. मी कॉफी बिनदुधाची, नुसता गुळाचा खडा टाकून प्यायला लागले. पेल्यातलं ते काळंभोर पाणी पाहून आत्याबाईंची नजर बदलली.

"कसला काडा पेती गं हा?"

"काढा नाही, कॉफीच आहे. दूध नाही म्हणून काळी दिसते."

"कॉफी हाय तर पेटीत कशाला दडवती?"

"दडवत नाही. उंदीर लागतात म्हणून ठेवते."

"आमच्या घरात ज्वारीला लागंना उंदीर, तुझ्या त्या बियांना बरा लागतो," असं म्हणून त्या उठून गेल्या.

पुढे डबा संपला आणि माहेराहून कुणी यायचं चिन्ह नव्हतं. गावातल्या दुकानातून मी पुडीतली पूड आणली. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. आईनं शिकवल्याप्रमाणे चिमूटभर पूड गार पाण्याच्या पेल्यात सोडली. चांगली कॉफी वर तरंगत राहते. ही सरळ तळाला गेली आणि जाताना मागे तांबूस रेघा सोडत गेली. चिंचोके होते की आणखी काय, देव जाणे. मी ती पुडी तशीच ह्यांच्यापुढे ठेवली.

"कुटलेल्यात काय घातलंय ते कळत नाही," मी म्हणाले. "बिया मिळाल्या तर निदान डोळ्यांनी बघून घेता येतील. भाजलेल्यापेक्षा कच्च्या स्वस्त पडतात, आणि टिकतातही."

ह्यांच्या शाळेतल्या एका मास्तरांना नगरमधलं एक दुकान माहीत होतं. लष्करी छावणीतल्या दक्षिणेकडच्या लोकांसाठी एक म्हैसूरकडचा माणूस तिथे कच्च्या बिया विकायचा. मी रविवारी जायचं ठरवलं. ह्यांना सुट्टीतही काम निघालं, तर आत्याबाई म्हणाल्या, "मी येते."

"तुम्ही? कशाला आत्याबाई, उन्हाचं?"

"का? मी आल्यानं काय बिगडतंय तुझं?"

एसटीनं करंजीचा घाट ओलांडला. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत बसल्या होत्या, त्यांच्याकडे आत्याबाई बघत राहिल्या.

दुकान बोळात होतं. पुढे तीन पोती उघडी ठेवलेली, मागे दुकानदाराचं घर. पहिल्या पोत्यातल्या बिया ठसठशीत, सारख्या आकाराच्या आणि महाग. तिसऱ्यातल्या स्वस्त, पण निम्म्या फुटक्या, मधूनमधून काळ्या पडलेल्या. काळी बी एक जरी जास्त गेली तरी सगळी कॉफी कुबट लागते. मधल्या पोत्यात लहानमोठा माल मिसळलेला होता, पण बी अखंड, हिरवट करडी, आणि भाव बेताचा. कॉफी प्यायची आहे, बिया पाहुण्यांना दाखवायच्या नाहीत, म्हणून मी मधल्यावर बोट ठेवलं. दुकानदारानं वरून माप भरायला घेतलं तशी मी म्हणाले, "तळातलं द्या." त्यानं कपाळाला आठी घातली, पण पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. मी त्या मुठीचा वास घेतला, एक बी दाताखाली धरली. कडक होती. ओल नव्हती.

इतका वेळ आत्याबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "तुमच्या घरात बाईमानूस हाय का?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

तो गोंधळला. पण आत हाक मारली, आणि कडेवर तान्हं मूल घेतलेली त्याची बायको बाहेर आली. तिला मराठी येत नव्हतं. मी कानडीत तिची चौकशी केली, तर ती हरखून बोलायला लागली.

"तुमी दोघी काय कुजबुजताय?" आत्याबाई मध्येच म्हणाल्या. "तिला विचार, ती पेती का हे?"

मी विचारलं. रोज दोनदा पिते, म्हणाली.

"आता विचार, हे पेल्यानं बाईला पोर होत न्हाई, हे खरं का?"

पेटी, डबा, ती बदललेली नजर, सगळं एका क्षणात समजलं. लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि पाळणा हलला नव्हता. परक्या बाईला, परक्या दुकानात, हा प्रश्न मीच माझ्या तोंडानं विचारायचा होता. दुकानदारानं तराजूकडे तोंड फिरवलं. मी विचारला.

ती बाई आधी हसली, मग माझ्याकडे बघून तिचं हसू गेलं. तिनं सांगितलं ते मी मराठीत सांगितलं, "चार मुलं आहेत म्हणते. चौघांच्या वेळी पीतच होती."

"हे ती म्हनती का तू?"

आत्याबाईंनी मग स्वतःच खुणा केल्या. पोत्याकडे बोट, तोंडाकडे अंगठा, मग पोटावर हात. बाईला कळलं. तिनं आत हाक मारली आणि तीन मुलं बाहेर आली. आत्याबाईंनी एकेकाची हनुवटी वर करून तोंड पाहिलं, आईचं पाहिलं, पुन्हा मुलाचं पाहिलं. शेजारच्यांची पोरं आणून उभी केलीत की काय, हे त्या तपासत होत्या. शेवटी थोरलीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "हिचं नाक आईचंच हाय." आणि मला म्हणाल्या, "घे काय घ्यायचं ते."

परतीच्या एसटीत मी विचारलं, "पेटी तुम्ही उघडत होता?"

"व्हय. सुईनीला दाखवाया बिया नेल्त्या. ती म्हनली, लई उष्ण हायेत, गर्भ जाळत्यात."

"मला विचारायचं होतं."

"अन् तू खरं सांगितलं असतं?"

"सांगितलं असतं."

"काय की," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी तव्यावर बिया भाजायला घेतल्या तेव्हा त्या चुलीशी येऊन बसल्या. मी काय काय टाकते ते बघायचं होतं. बिया तडतडल्या, घरभर धूर झाला. कुटून, उकळत्या पाण्यात टाकून, झाकून ठेवून, फडक्यातून गाळून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला दे." एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, तरी पेला संपवला. दोन दिवस आपल्याला काही होतं का याची वाट पाहिली असावी, कारण ते दोन्ही दिवस मला चुलीवर कॉफीचं आधण ठेवू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आधण ठेवलं तर अडवलं नाही.

पुढल्या वर्षाअखेर मला मुलगी झाली. आत्याबाईंनी मोहट्याच्या देवीला नवस केला होता, तो फेडला. पोरगी रंगानं सावळी निघाली. आत्याबाई तिला दिवसभर खांद्यावर टाकून अंगणात फिरायच्या, आणि कुणी बाई बघायला आली की माझ्याकडे हनुवटीनं दाखवून सांगायच्या, "काळं पानी पेली ना नऊ म्हैने. मी सांगत हुते."